सीस्टार एस५० : गच्चीवर सगळ्यांना एकदम आकाश दाखवणारी दुर्बीण

सीस्टार एस५० घेऊ का असं विचारणारे इतके जण झालेत की आता एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. आधीच सांगतो, मला ही दुर्बीण मनापासून आवडलीय, पण लोक ज्या कारणासाठी ती घ्यायला निघतात त्या कारणासाठी नाही. बहुतेकांना वाटतं की ही घेतली की भारी फोटो येतील. येतात ना, फोटो येतातच, पण माझ्या लेखी तिची खरी किंमत वेगळी आहे. आकाश दुसऱ्याला दाखवायला इतकं सोपं साधन मी आजवर हाताळलेलं नाही, आणि १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हापासून मी या नादात आहे.

आधी वस्तू काय आहे ते बघू. झेडडब्ल्यूओ ही कंपनी खगोल-फोटोग्राफीचे कॅमेरे बनवते, त्यांनी २०२३ मध्ये ही आणली. ५० मिमीची अपोक्रोमॅटिक (ताऱ्यांभोवती रंगीत कडा येऊ न देणारी) लेन्स, फोकल लेन्ग्थ २५० मिमी, म्हणजे एफ/५. आत सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर, १९२० बाय १०८० पिक्सेल. डोळा लावायला आयपीस नाहीच, जे काय दिसतं ते फोनवर किंवा टॅबवर. मोटार, कॅमेरा, फिल्टर, ऑटोफोकस, लेन्सवर दव बसू नये म्हणून हीटर, ६४ जीबी स्टोरेज, बॅटरी, सगळं एकाच डब्यात, आणि वजन अडीच किलो. सोबत छोटा ट्रायपॉड आणि सूर्यासाठी वेगळा फिल्टर येतो. चार्जिंग टाइप-सी, त्यामुळे रात्री बॅटरी संपत आली तर खिशातली पॉवर बँक लावायची आणि काम चालू ठेवायचं.

वापरायला काय करायचं तर ट्रायपॉड सपाट जागी ठेवायचा, लेव्हल बघायची, बटण दाबून चालू करायची, फोन जोडायचा आणि अ‍ॅपमध्ये हवं ते नाव निवडायचं. मग ती स्वतः आकाशाचा एक फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांच्या नक्षीवरून आपण कुठे बघतोय ते ओळखते आणि तिथून सरकत सरकत बरोबर त्या जागेवर जाऊन थांबते. मग दहा-दहा सेकंदांचे फोटो काढायला लागते (वीस आणि तीसही करता येतात) आणि ते एकावर एक चढवत जाते. भिंतीवर चुन्याचे हात चढवावेत तसं चित्र हाताहाताने उजळत जातं. पहिल्या हाताला नुसती खरखर आणि चार तारे, पाचेक मिनिटांनी एक धूसर डाग, आणि अर्ध्या तासाने त्या डागाला आकार आलेला असतो.

पहिल्यांदा वापरायच्या आधी इंटरनेट असताना अ‍ॅक्टिव्हेट मात्र करून घ्या, ते काम डोंगरात रेंज नसताना होत नाही. नंतर दुर्बीण स्वतःचं वायफाय सोडते, त्यामुळे रानात नेली तरी अडत नाही.

आता हे सगळं ऐकून माझ्या वयाचे बरेच दोस्त म्हणतात की यात आपलं काय राहिलं, सगळं मशीनच करतंय. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. रोलच्या काळात आम्ही आकाशाचे फोटो काढायचो तेव्हा ४०० एएसएचा रोल, केबल रिलीज, आणि घरी बनवलेला बिजागरीचा ट्रॅकर असायचा. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, ती बिजागरी ध्रुवाच्या दिशेला रोखायची, आणि तिच्यापासून २२८ मिमीवर १ मिमी पिचचे आटे असलेला स्क्रू. तो मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की फळी पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने उघडत जाते आणि तारे रेघा न होता ठिपकेच राहतात. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत, श्वास रोखून स्क्रू फिरवायचा, पंधरा पंधरा मिनिटं. १९९७ चा हेल-बॉप आम्ही असाच पकडला, पांढरी धुळीची शेपटी आणि बाजूला निळी वायूची, दोन्ही एका फ्रेममध्ये. आणि रोल धुवायला टाकताना पहिली फ्रेम कायम दिवसाउजेडी काढायची, कुणाचातरी चेहरा नाहीतर दारातली सायकल, कारण आकाशाच्या निगेटिव्हमध्ये फ्रेमची कडा दिसत नाही आणि लॅबवाले कुठेही कापतात. पहिली फ्रेम नीट असली की त्यांना पुढचं माप मिळतं.

ते सगळं मला अजूनही प्रिय आहे, तो स्क्रू मी जपून ठेवलाय. पण त्या सगळ्यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे बघणारा दुसरा माणूस. फोटो आठवड्याने हातात यायचा, तोवर तो धूमकेतू पुढे सरकलेला असायचा आणि ज्याला दाखवायचा तो माणूस आपल्या कामाला लागलेला. दुर्बिणीतून थेट दाखवायचं म्हटलं तरी एका वेळी एकच डोळा. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, रांगेत पन्नास माणसं, प्रत्येकाला वीस सेकंद, लहान मुलं आयपीसला हात लावतात आणि दुर्बीण हलते, परत तारा शोधा, आणि चष्मेवाली काकू वाकून बघते आणि म्हणते हो हो दिसलं, छान आहे. आपल्याला कळत असतं की तिला काहीही दिसलेलं नाही, मागे रांग आहे म्हणून ती भिडेखातर बोलतेय. शनी असेल तर ठीक, शनी सगळ्यांना दिसतो. पण देवयानी दीर्घिका दाखवली की डोळ्याला फक्त एक मळकट धुरकट ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय हे त्याच वीस सेकंदांत सांगायचं.

सीस्टारने इथे फरक केला. एकाच्या फोनवर कंट्रोल राहतो आणि बाकीचे फोन नुसतं बघायला जोडता येतात, नाहीतर सरळ टॅबचा स्क्रीन टीव्हीवर टाकायचा. सगळे एकाच वेळी एकच गोष्ट बघतात आणि मुख्य म्हणजे ती तयार होताना बघतात. मधल्या वेळात बोलता येतं. दहा मिनिटं चित्र भरतंय तोवर लोक प्रश्न विचारतात, आपण हात वर करून दाखवतो की हे बघा हे तिथे आहे, त्या तीन ताऱ्यांच्या खाली, आणि ते एकदा वर बघतात, एकदा स्क्रीनकडे. त्या दहा मिनिटांत जेवढं बोलणं होतं तेवढं आयपीसच्या रांगेत रात्रभरात होत नाही.

वेल्ह्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नेली होती. अंधार चांगला, समोर डोंगर, पोरं सगळी मैदानात सतरंजीवर. आधी मृगातला तेजोमेघ लावला, एम ४२, तो तर पहिल्या फ्रेमपासूनच गुलाबी दिसायला लागतो. तर सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे गुगलवरून येतंय ना?" मला तो प्रश्न फार आवडला. त्याला बोलावलं आणि म्हटलं लेन्ससमोर हात धर. धरला. फ्रेम वाढायच्या थांबल्या, आकडा आहे तिथेच राहिला, अ‍ॅप तारे सापडत नाहीत म्हणून कुरकुरायला लागलं. हात काढ म्हटलं, परत सुरू. मग काय, प्रत्येकाला हात धरून बघायचा होता. त्या रात्री तेजोमेघाचा फोटो यथातथाच आला, पण १३०० प्रकाशवर्षांवरून येणारा प्रकाश आपल्या तळहाताने अडवता येतो हे त्या पोरांनी स्वतः करून पाहिलं आणि त्यांच्यात नंतर त्याचीच चर्चा चालली होती.

त्याच रात्री एका मुलीची आजी आली होती, उशिरापर्यंत थांबली. साडेदहाच्या सुमाराला सप्तर्षी ईशान्येला बऱ्यापैकी वर आले होते. त्या आजींनी बोट करून सांगितलं की ही म्हातारीची खाट आणि हे तीन चोर, खाट पळवून चाललेत. मी तिथेच ठरवलं, पुढचं हेच लावायचं. शेपटीच्या टोकाचा तारा म्हणजे मरीची, त्याच्या अगदी जवळ एम ५१ ही दीर्घिका आहे, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षं लांब. दुर्बीण फिरली, चित्र भरायला लागलं आणि पाच-सात मिनिटांत त्या भोवऱ्याचे दोन हात दिसायला लागले, एका हाताच्या टोकाला लटकलेली छोटी दीर्घिकासुद्धा. आजी म्हणाल्या, "म्हंजे शेवटच्या चोराच्या पायाशी हे हाय व्हय? आन आमी जलमभर चोरच बघितले." माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मी त्यांना एम ५१ दाखवला असता तर दोन धूसर ठिपके दिसले असते, तेही सवय असलेल्या डोळ्याला.

आणि शहरातून? पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्याला आता मोजके तारे दिसतात, आकाशगंगा तर कधीच गेली. तिथे ही दुर्बीण चक्क काम करते, कारण आत दोन पट्ट्यांचा फिल्टर आहे जो हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाश जाऊ देतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो. पण हे नीट समजून घ्या, हा फिल्टर फक्त चमकणाऱ्या वायूच्या तेजोमेघांना उपयोगी आहे. दीर्घिका आणि तारकागुच्छ म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, तो सगळ्या रंगांत विखुरलेला असतो, तिथे फिल्टर लावला तर उलट नुकसान. अ‍ॅप आपोआप ठरवतं, तरी एकदा बघून घ्यायची सवय लावा. मृगाच्या पट्ट्यातल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याशेजारचा घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ मी आमच्या गच्चीवरून, खाली हायमास्ट चालू असताना काढलाय. हा तेजोमेघ मुळात सापडलाच फोटोत, १८८८ मध्ये हार्वर्डच्या एका फोटोप्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो दिसला. डोळ्याने मला तो कधी नीट दिसलेला नाही आणि आता शेजारच्या चौथीतल्या मुलीला तो माहितीय, तिच्या वहीच्या कव्हरवर चिकटवलाय तिने.

दिवसा सूर्य. याबद्दल लोक फार कमी बोलतात पण सोसायटीत दाखवायला सगळ्यात हिट प्रकार हाच. रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये टेबल टाकायचं, फिल्टर लावायचा, दुधाची पिशवी घेऊन येणारे काका पण थांबतात. मे २०२४ मध्ये तो ३६६४ नंबरचा प्रचंड डाग आला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा पट लांबीचा, ज्याच्यामुळे लडाखात हानलेला लाल ऑरोरा, म्हणजे एरवी ध्रुवांजवळ दिसणारा आकाशातला प्रकाश, टिपला गेला. तो डाग दोन-तीन दिवस ओळीने बघितला की सूर्य स्वतःभोवती फिरतोय हे कुणालाही सांगावं लागत नाही, डाग सरकलेला दिसतोच. फक्त एकच, फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे वळवायची नाही, आणि मुलं आजूबाजूला असतील तर फिल्टर घट्ट बसलाय का हे दर वेळी हात लावून तपासायचं. सेन्सर तर जाईलच, पण मुलांनी ही सवय आपलं बघून उचलायची असते.

आता जिथे ही कमी पडते ते.

ग्रह. गुरू आणि शनी बघायला ही घेणार असाल तर घेऊ नका. हिशोब साधा आहे, एका पिक्सेलमध्ये साधारण २.४ आर्कसेकंद येतात (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद), म्हणजे सगळा गुरू मिळून वीसेक पिक्सेलचा. चार चंद्र सुरेख दिसतात, पट्टे जेमतेम. शनीची कडी असल्यासारखी वाटते इतकंच. २०२५ च्या मार्चमध्ये कडी कडेने आली होती, आता परत उघडतायत, आणि ती बघायची तर आठ इंची डॉब्सोनियनच्या (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीच्या) आयपीसमधून, स्वतःच्या डोळ्याने. तो अनुभव स्क्रीन देऊ शकत नाही आणि मी कार्यक्रमाला कायम दोन्ही नेतो, चंद्र आणि ग्रह डॉबवर, बाकी सगळं सीस्टारवर. ज्या मुलाने शनी डोळ्याने पाहिलाय त्याला स्क्रीनवरचं पण खरं वाटतं, हा माझा ठाम अनुभव आहे.

दुसरी गोष्ट चौकटीची. दृश्य साधारण १.३ अंश बाय ०.७ अंश आहे. चंद्र अर्ध्या अंशाचा, तो छान बसतो. कृत्तिका मात्र पूर्ण बसत नाहीत आणि देवयानी तर तीन अंश पसरलेली. मोझॅक मोड आहे, त्यात ती आजूबाजूचं पण शिवून घेते, पण वेळ तेवढाच जास्त द्यावा लागतो, एका रात्रीत घाई करून उपयोग नाही. यापेक्षा मोठं आकाश हवं असेल तर हिचीच धाकटी बहीण एस३० आहे, लेन्स ३० मिमीची पण चौकट मोठी, आणि वजन आणखी कमी.

तिसरी गोष्ट आपल्या अक्षांशाची, आणि ती परदेशी रिव्ह्यूंमध्ये तुम्हाला कधीच सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे तारा मध्ये धरून ठेवला तरी आजूबाजूचं आकाश चौकटीत हळूहळू फिरत जातं. हे फिरणं उत्तर आणि दक्षिण दिशेला जास्त, डोक्यावर तर फारच जास्त, आणि बरोबर पूर्व-पश्चिमेला जवळपास शून्य. आपण पुण्यात १८.५ अंशावर, त्यामुळे आपल्याकडे हे लंडनपेक्षा जास्त जाणवतं. शिवाय आपल्या आवडीच्या कितीतरी गोष्टी थेट डोक्यावरून जातात, कृत्तिका, वृषभेतला एम १, आणि पुष्य नक्षत्रातला एम ४४ तर माथ्यापासून जेमतेम एक-सव्वा अंशावरून. तिथे ही अडखळते. म्हणून माथ्यावर यायची वाट बघूच नका. वस्तू पूर्वेला चाळीस-साठ अंश वर असतानाच सुरू करा, नाहीतर पश्चिमेला उतरल्यावर. फोटोच्या कोपऱ्यांना जो भोवऱ्यासारखा खरखरीत पट्टा येतो तो त्यामुळे बराच कमी होतो.

ईक्यू (इक्वेटोरियल) मोड नंतर अपडेटमधून फुकट आला, त्यात दुर्बिणीचा मुख्य अक्षच ध्रुवाकडे झुकवायचा म्हणजे हे फिरणं संपतं आणि लांब एक्सपोजरही स्वच्छ येतात. पण गोम अशी की लंडनला ध्रुव ५१ अंश वर असतो आणि आपल्याकडे फक्त साडेअठरा, म्हणजे अडीच किलोची दुर्बीण उत्तरेकडे जवळजवळ आडवी झोपवावी लागते. सोबत आलेल्या हलक्या ट्रायपॉडवर हे करायला जाऊ नका, वारा आला की गेली. जड ट्रायपॉड घ्या, वर मजबूत झुकणारं हेड, ३/८ इंचाचा स्क्रू बसेल असं, आणि तिन्ही पायांतला एक पाय बरोबर उत्तरेला, झुकतेय त्याच बाजूला. मधल्या दांडीला खाली पाण्याची बाटली भरून लटकवा. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे जुने जड ट्रायपॉड स्वस्तात मिळतात, ते या कामाला उत्तम. लोकांना दाखवायचं असेल तेव्हा मात्र मी ईक्यूच्या भानगडीत पडत नाही, साधी उभी ठेवतो. ईक्यू एकट्याच्या रात्रीसाठी.

दव आणि बुरशी यांचं पण सांगतो. पानशेतच्या बाजूला थंडीत पहाटे तीननंतर सगळं ओलं होतं, कॅमेरा, चटई, वही, तिथे आतला हीटर खरंच जीव वाचवतो, बॅटरी जरा लवकर उतरते पण चालेल. खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद, दुर्बीण कपाटात, आणि ओल्या हवेत लेन्सला बुरशी लागते. कोकणात तर विचारूच नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या दर काही दिवसांनी कढईत नाहीतर ओव्हनमध्ये सुकवून परत टाकायच्या. मधेच एखाद्या उघडिपीच्या दिवशी बाहेर काढून सूर्य दाखवा, चार्जही करा, म्हणजे बॅटरी पण मरत नाही.

फोटोंबद्दल, ज्यांना त्यातच रस आहे त्यांच्यासाठी. फोनवर जे दिसतं ते शेवटचं समजू नका. सेटिंगमध्ये प्रत्येक फ्रेम फिट्स या कच्च्या फॉरमॅटमध्ये साठवायचं चालू करा, आणि मग कॉम्प्युटरवर सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतः स्टॅक करा, म्हणजे एकावर एक चढवा. खरखर कमी होते ती फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे दुप्पट सफाई हवी तर चौपट वेळ. अर्ध्या तासाचा फोटो आणि दोन तासांचा फोटो यात फरक डोळ्यात भरतो, दोन आणि तीन तासांत तेवढा नाही. एकच वस्तू तीन-चार रात्री काढून सगळ्या फ्रेम एकत्र केल्या तरी चालतं. माझा सल्ला, हिवाळ्यात चार वस्तू निवडा आणि त्यांनाच वेळ द्या, रोज नवीन दहा ठिकाणी उड्या मारल्या की दहा कच्चे फोटो होतात.

आणि फोटोंच्या पलीकडे जायचं असेल तर चलताऱ्यांची, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणं घ्या. उत्तर मुकुटात टी नावाचा एक तारा आहे, एरवी दहाव्या प्रतीचा, दुर्बिणीशिवाय न दिसणारा. तो १८६६ आणि १९४६ मध्ये अचानक भडकून ध्रुवाएवढा तेजस्वी झाला होता आणि आता परत भडकेल म्हणून जगभरचे लोक डोळे लावून बसलेत. आमच्या गच्चीवर हा तारा दिसण्याजोगा असेल त्या रात्री सगळ्यात आधी त्याची एक छोटी फ्रेम होते, बाकी काही नंतर. हे काम लहान मुलंसुद्धा करू शकतात, कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवायचा, बस.

किंमत. अमेरिकेत ती आली तेव्हा ४९९ डॉलर होती, आपल्याकडे कर-बिर, शिपिंग धरून पन्नास हजारांच्या वर जाते. हे पैसे थोडे नाहीत. पण वेगळं माउंट, कॅमेरा, गायडर (दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवणारा छोटा कॅमेरा), लॅपटॉप असा संच जमवायचा तर लाखाच्या कितीतरी पुढे जातो आणि तो मांडायलाच तास जातो, तोपर्यंत बघायला आलेली मुलं झोपतात. दुसऱ्या टोकाला बाजारात ज्या ५२५ पट, ६७५ पट असं खोक्यावर छापलेल्या दुर्बिणी मिळतात त्या कृपा करून घेऊ नका, वाढदिवसाला तर मुळीच नको. डळमळत्या स्टँडवर मुलाला चंद्रसुद्धा धड धरता येत नाही आणि त्याचा नाद तिथेच संपतो. तेवढ्या पैशात चांगला १० बाय ५० चा बायनॉक्युलर येतो, तो घ्या.

आणि काहीच न घेता सुरुवात करायची असेल तर ते सगळ्यात उत्तम. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच करतेय, हौशी लोकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे, त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम तर कितीतरी जणांच्या आयुष्यातलं पहिलं खरं आकाश आहे. गोव्यात पणजीला खगोलप्रेमींची संस्था आहे. विदर्भातल्यांचं मला कौतुकमिश्रित हेवा वाटणारं काम झालंय, पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. आधी अशा ठिकाणी दोन-चार वेळा जा, दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघा, प्रश्न विचारा, मग ठरवा. शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय असे कुणी वर्गणी काढून एक सीस्टार घेणार असतील तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन, चालवायला एक उत्साही बाई नाहीतर एक दहावीतली मुलगी पुरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लेमन धूमकेतू ऐन दिवाळीत जवळ आला होता. संध्याकाळी वायव्येला, खाली, फटाक्यांच्या धुरात, नुसत्या डोळ्याला काही दिसेना. सीस्टारवर हिरवट डोकं आणि वर गेलेली बारीक शेपटी आली आणि फराळाला आलेले सगळे पाहुणे गच्चीवर. एका काकांनी विचारलं हिरवा कशामुळे, तर कार्बनच्या दोन अणूंचा रेणू सूर्याच्या प्रकाशात तसा चमकतो म्हणून, हे सांगताना मला मनापासून आनंद झाला कारण असा प्रश्न यायला आधी तो हिरवा रंग दिसावा लागतो.

नवीन घेतलेल्यांनी एप्रिलच्या अमावास्येच्या आसपासचा शनिवार राखून ठेवा आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी काढा. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ, १७ हजार प्रकाशवर्षं लांब, युरोपातल्या बहुतेकांच्या तो क्षितिजाखालीच राहतो. पुण्याहून दक्षिणेला २४ अंशांपर्यंत चढतो, म्हणून दक्षिणेकडे डोंगर किंवा इमारत नको, नाहीतर कोकणात समुद्राकडे दक्षिण मोकळी असलेला किनारा बघा. रात्री साडेअकरा ते दीडच्या दरम्यान, दहा सेकंदांच्या फ्रेम, फिल्टर बंद, वीस मिनिटं पुरेत. आणि सुरू करायच्या आधी शेजारच्यांना उठवा.